भोपळ्याच्या मापाची टोपी

एलाडिओच्या लग्नात त्याच्या सासऱ्याने अख्ख्या बेटासमोर त्याच्या टोपीत तांब्याभर पाणी ओतलं, आणि ते वरून जसं आलं तसं खालून निघून गेलं. थेंबसुद्धा रेंगाळला नाही. म्हातारा सिप्रियान काही बोलला नाही. त्याने टोपी पिळली, झटकली आणि जावयाच्या हातात ठेवली. बोलला असता तर बरं झालं असतं.

आमच्या बेटावर विणकाम पुरुषांचं. बायका मागावर पट्टे काढतात, सुया पुरुष चालवतात. चालता चालता, बकऱ्यांमागे जाता जाता, भांडता भांडतासुद्धा विणत असतात. लग्नाला उभ्या राहिलेल्या पोराने स्वतः विणलेली टोपी सासऱ्याला द्यायची, सासऱ्याने तीत पाणी ओतायचं. पाणी थांबलं तर हात कामाचा. एलाडिओ मात्र तळ्यापलीकडच्या किनाऱ्यावरचा. तिथे पुरुष लव्हाळी कापतात, जाळी टाकतात, आणि सुई दिसली की बायकोला हाक मारतात. त्याने ती टोपी कशीबशी खपून केली होती. लग्न मोडायची वेळ आली तेव्हा बासिलियाच पुढे झाली आणि बापाला म्हणाली, "लग्न मला करायचंय, पाण्याला नाही." झालं लग्न.

पण सासऱ्याने तेव्हापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. एकाच चुलीपाशी समोरासमोर बसायचे, तरी म्हातारा लेकीला सांगणार, "त्या किनाऱ्यावरच्याला विचार, सूप हवंय का अजून." आणि एलाडिओ, मोठा गुणी पोरगा हो, बायकोलाच सांगणार, "ताताला म्हणावं, वाढा थोडं." बापाला आमच्याकडे ताता म्हणतात. मधल्या मधे बासिलियाचं डोकं उठायचं.

मग बासिलियाला दिवस गेले आणि एलाडिओ बोटांवर महिने मोजायला लागला. कारण दुसरी रीत पहिलीपेक्षा कडक. बाळाची पहिली टोपी बापाच्या हातची, तिला दुसऱ्या कुणी टाका घालायचा नाही. बाळ बाहेर आलं की आईच्या बापाने ती पाण्याने तपासायची. गळली, तर ती बाजूला ठेवून आजोबा स्वतः विणलेली टोपी बाळाला घालणार. आणि आमच्याकडे टोपीच्या किनारीवर ज्याची त्याची नक्षी असते. पोर आईच्या पाठीवर बसून धक्क्यावर उतरलं की लांबून कळतं ही कुणाच्या हातची. सासऱ्याच्या नक्षीत गुंडाळलेलं आपलं पोर घेऊन बेटावर पाऊल टाकायचं, म्हणजे जन्मभर मान खाली. एलाडिओला ते स्वप्नातसुद्धा दिसायला लागलं.

म्हाताऱ्याने आगीत तेल ओतलंच. "मी माझी करायला घेतो," त्याने लेकीला ऐकवलं. "उगाच पोराचं डोकं उघडं नको पडायला." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून गळ्याभोवती लोकर घेऊन तो उन्हात बसायला लागला. कुणी जवळ गेलं की विणकाम अंगावर पांघरलेल्या पोंचोखाली सारायचा. "नजर लागते," म्हणायचा.

दिवस भरत आले तशी दवाखान्याच्या बाईंनी सांगितलं की बाळंतपण पुनो शहरातल्या मोठ्या इस्पितळात करायचं, आणि कळा सुरू व्हायची वाट बघत बेटावर बसायचं नाही. तळ्यावर वारा सुटला की बोटी निघत नाहीत. इस्पितळाला लागूनच लांबलांबच्या बायकांसाठी एक घर आहे. तिथे आधीपासून येऊन राहायचं, चूल आपली, खाट त्यांची. बासिलियाने पिशवी भरली. दुपटी, लंगोट, ओळखपत्रं, वाळवलेले बटाटे, काढ्याचा पाला, आणि बाळाला गुंडाळून वरून बांधायचा लांब पट्टा. पट्टा तिने लग्नाआधीच विणून ठेवला होता. एलाडिओने लोकरीचा गुंडा घेतला आणि सायकलच्या चाकाच्या तारा घासून केलेल्या पाच सुया. निघताना म्हातारा धक्क्यावर उभा होता. "टोपी तपासायला येईन," तो पाण्याकडे बघून म्हणाला.

त्या घरात सगळ्यात जुनी भाडेकरू उर्सुला. तिची चौथी खेप, त्यामुळे तिला सगळं ठाऊक आणि जे ठाऊक नाही तेही ती सांगायची. रोज सकाळी सिस्टर येसेनिया शिकवायला यायची. बाळ म्हणून बटाट्यांची पिशवी द्यायची आणि प्रत्येकीकडून, प्रत्येकाकडून, ती गुंडाळून घ्यायची. एलाडिओच्या हातून बटाटे दोनदा सांडले. तिसऱ्यांदा त्याने पट्टा असा आवळला की सिस्टर म्हणाली, "अरे, बाळ आहे, बाजाराला नाही न्यायचं. पायांना हलायला जागा ठेव." मग नाळेचं सांगितलं, की ती कोरडी ठेवायची, तिला पाला नाही, तेल नाही, काही नाही, आपोआप गळून पडते. पहिलं पिवळं दूध फेकायचं नाही, तेच सोनं. डोकं धरायचं कसं, ढेकर काढायची कशी. आणि शेवटी म्हणाली, "बाळाची सगळी ऊब डोक्यातून जाते. पिशवीत टोपी नसेल तर बघा माझ्याशी गाठ आहे."

"घ्या," उर्सुला एलाडिओला म्हणाली. "आत सिस्टर टोपी मागणार, बाहेर सासरा. तू पळून कुठे जाणार?"

एलाडिओने सिस्टरला बाळाच्या डोक्याचं माप विचारलं. तिने दोन हातांनी गोल करून दाखवला. तो गोल हवेत तसाच धरून तो बाजारात गेला, लोकांना धडकला, पण हात खाली केले नाहीत, आणि त्या मापाचा भोपळा घेऊन आला. हिरवा, टणक, चकचकीत. बासिलिया बघून हसत सुटली.

"हा तर ताता आहे. टोपी काढल्यावर अस्साच दिसतो."

भोपळ्याचं नाव सिप्रियान पडलं. तो उशीपाशी बसायचा आणि एलाडिओ त्याच्यासाठी विणायचा.

आता बासिलिया विणकरांच्या घरातली. बापाच्या मांडीवर बसून सुया बघत वाढलेली, एक टाका चुकला तर झोपेत कळेल अशी. पण पोटुशी बाईने लोकरीला हात लावायचा नाही, गुंडा ओलांडायचा नाही, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती फिरते, असं आमच्याकडे मानतात. गुंडा घरंगळत तिच्याकडे आला की ती दोन्ही पाय खाटेवर घ्यायची. हात मांडीखाली दाबून, नुसत्या हनुवटीने शिकवायची.

"तिसरा टाका सुटला. तिसरा. माझ्याकडे काय बघतोस, तिसऱ्याकडे बघ."

"हा?"

"तो पाचवा. मोजायलाही किनाऱ्यावर शिकवत नाहीत का रे?"

पाण्याच्या धसक्याने एलाडिओ इतकं घट्ट विणायचा की सुईला टाक्यात शिरायला जागा मिळायची नाही. पहिली टोपी झाली ती वाटीसारखी कडक. भोपळ्यावर चढेना, वरती नुसती बसून राहिली. पाणी ओतलं तर थांबलं खरं. उर्सुलाने ती हातात घेऊन खालून वाजवली. "झकास. यात चहा पिऊ," म्हणाली. एलाडिओने ती सगळी उसवली. बासिलियाला तेव्हा रडू आलं. आपल्यापायी हा माणूस बोटं सोलून घेतोय असं तिला वाटलं, तिने तसं म्हटलंही. तो म्हणाला, "तू त्याला पोटात घेऊन जिने चढतेस. मी बसून विणतोय. गप्प बस."

दुसरी टोपी रुंद घेतली, वीण मात्र तितकीच घट्ट. किनारीवर त्याने सासऱ्याच्या बेटाची कुठलीच नक्षी घेतली नाही. आपल्या किनाऱ्यावरची लव्हाळी घातली आणि लव्हाळ्यांतून जाणारे मासे. मासे थोडे बेडकांसारखे झाले होते, पण बासिलियाने मान डोलावली. हळूहळू माथा गोळा व्हायला लागला. शेवटचे काही फेरे राहिले होते, आणि सकाळी सूप ढवळता ढवळता बासिलिया थांबली. खाली बघितलं. पाय ओले होते.

"एलाडिओ," ती शांतपणे म्हणाली, "चूल बंद कर."

चूल राहिली पेटतीच. त्याने पिशवी उचलली, खाली ठेवली, बायकोला धरलं, पुन्हा पिशवी उचलली. एका हातात सुयांसकट टोपी होतीच, ती कुठे ठेवायची त्याला सुचलं नाही. अंगण ओलांडून इस्पितळाच्या दारापाशी पोहोचले तर मागून उर्सुला पोट सावरत धापा टाकत आली.

"गाठी सोडा. सगळ्या गाठी सोडा आधी," ती ओरडली. "बाई अडते नाहीतर."

तिने बासिलियाच्या वेण्या सोडल्या, कमरेचा पट्टा सोडला. एलाडिओने बुटांच्या नाड्या सोडल्या. मग उर्सुलाची नजर त्याच्या हाताकडे गेली. विणकाम म्हणजे गाठीच गाठी, आणि तेही सुईवर अडकलेलं, अर्धं. बासिलियानेही ते बघितलं. सुया काढल्या की उघडे टाके सुटतात, एकाला लागून दुसरा ओघळतो आणि माथ्यापासून किनारीपर्यंत सगळं जाऊ शकतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार. त्याच वेळी तिला कळ आली आणि तिने दाराची चौकट धरली.

एलाडिओने पाचही सुया एकामागून एक उपसल्या आणि उर्सुलाच्या हातात दिल्या. खरं सांगायचं तर किनाऱ्यावर असलं काही मानत नाहीत. तरीही त्याने उपसल्या. टोपी कोटाच्या खिशात कोंबली आणि तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आत सिस्टर येसेनिया होती. छताला दोर बांधलेला होता. आमच्या बायकांना आडवं पडून जमत नाही हे आता तिकडे कळलंय. बासिलियाने दोर धरला आणि उकिडवी बसली. एलाडिओ मागे गुडघ्यांवर टेकून तिला काखेतून धरून राहिला. ती कण्हली, ओरडली, एकदा त्याच्या मनगटाला कडकडून चावली. मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सिस्टर म्हणाली, "चालू दे, चांगलं चाललंय." एलाडिओला मात्र आपण आज मरणार असं वाटत होतं. आणि दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा एक ओला, लालबुंद, चिडलेला जीव सिस्टरच्या हातात आला आणि त्याने असा टाहो फोडला की बाहेर अंगणात उर्सुलाने ऐकला.

"मुलगा आहे. नाळ गळ्याभोवती नाही, काही नाही," सिस्टर म्हणाली. बासिलिया हसत होती आणि रडत होती. एलाडिओ नुसता रडत होता.

बाळ आधी आईच्या छातीवर गेलं. मग तिला टाके घालायचे होते, तेव्हा सिस्टरने एलाडिओला सदरा काढायला लावला, खुर्चीत बसवलं आणि तो इवलासा जीव त्याच्या उघड्या छातीवर पालथा ठेवून वरून दुपटं टाकलं. डोक्यावर इस्पितळाची सुती टोपी घातली. "उसनी आहे," तिने बजावलं. "परत हवी मला." बाळाने दोनदा कुरकुर केली आणि बापाच्या काळजाच्या ठोक्यावर कान टेकवून झोपून गेलं. एलाडिओ हललाच नाही. नाक खाजलं तरी हलला नाही. इतका आनंद माणसाला सोसतो कसा, याचंच त्याला नवल वाटत होतं.

बाळ प्यायला लागल्यावर बासिलियाने हळूच विचारलं, "दाखव बघू."

त्याने खिशात हात घातला. बोटांना लोकरीचा नुसता गुंता लागणार म्हणून त्याने तोंड फिरवून ठेवलं होतं. पण बाहेर आली ती टोपीच. माथ्यावरचे सगळे टाके तोंडं उघडून जसेच्या तसे उभे होते. एकही ओघळला नव्हता.

"इतकं घट्ट का विणतोस म्हणून मी तुला केवढं बोलले," बासिलिया म्हणाली. आता तिला लोकर चालत होती, पण या टोपीला दुसरा हात नको म्हणून तिने हात मुद्दाम पांघरुणात घातले. उर्सुलाने सुया पाठवल्या. एलाडिओ खिडकीपाशी बसला, एकेक टाका सुईवर घेतला आणि माथा बंद केला.

निरोप मिळाला तसा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने सिप्रियान आला. नवा पोंचो, डोक्यावर स्वतःची टोपी, आणि हातात तोच लग्नातला तांब्या. खोलीतल्या बायकांनी एकमेकींना खुणा केल्या. म्हातारा खाटेपाशी आला, लेकीच्या कपाळावर हात ठेवला, नातवाकडे झुकून खूप जवळून बघितलं, अगदी नाकाला नाक लावून. मग सरळ झाला.

"टोपी," तो म्हणाला.

एलाडिओने ती दोन्ही हातांनी पुढे केली. म्हाताऱ्याने ती बघितली नाही. डोळे मिटून अंगठ्याने चाचपत राहिला, किनार, पोट, माथा. मग तांब्या उचलला.

"तिथेच थांबा," सिस्टर येसेनिया दारातून कडाडली. "माझ्या वॉर्डात पाणी सांडायचं नाही."

"सांडलं तर या किनाऱ्यावरच्याच्या विणीतून सांडेल. माझा काय दोष?"

"दोष कुणाचाही असो, फरशी माझी आहे. ठेवा तो तांब्या."

म्हाताऱ्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण सिस्टरने तांब्या काढूनच घेतला. तो टोपी तळहातावर उलटी धरून, वाटीसारखी, तावातावाने तिला रीत समजावून सांगू लागला. इकडे बासिलियाने बाळाचा लंगोट बदलायला सोडला होता. गार हवा लागली मात्र, बाळराजांनी धार सोडली. अशी उंच, अशी नेमकी, की खाटेवरून कमान करून ती सरळ आजोबांच्या हातातल्या टोपीत पडली. शेवटच्या थेंबापर्यंत.

म्हातारा बोलता बोलता थांबला. त्याने हात हलवला नाही. दुसरा तळवा टोपीच्या खाली नेला, लावला, बघितला. पुन्हा लावला. मग सिस्टरच्या हाताला धरून तिचं बोट खाली टेकवलं.

"सांग," तो म्हणाला. "तूच सांग."

"कोरडी आहे," सिस्टर म्हणाली.

मग काय विचारता. म्हातारा ती भरलेली टोपी घेऊन खाटोखाट फिरला. "हात लावून बघा. खालून. घाबरू नका, नातवाचं आहे." बायका पोटं धरून हसत होत्या, ताज्या बाळंतिणी टाके दुखतात म्हणून कळवळत होत्या आणि तरी हसत होत्या. एलाडिओ भिंतीला टेकून उभा होता.

"ताता, पुरे," बासिलिया म्हणाली. "ती आता धुवायला हवी. वाळेपर्यंत तुझी दे."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याने टोपी खिडकीत ठेवली, हात पुसले, कमरेच्या पिशवीत हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढलाच नाही. शेवटी एक लोकरीची पट्टी निघाली. चार बोटं रुंद, वेडीवाकडी, मधे मधे भोकं पडलेली. नुसती सुरुवात, आणि तीही कुणा पोराने केल्यासारखी.

"दिसत नाही गं मला," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले. बारीक टाका दिसतच नाही. सुया हातात घेऊन नुसता बसतो मी."

"मग रोज उठून बजावत का होतास, मी माझी करतोय म्हणून?"

"भीती वाटत होती म्हणून. याची गळली असती तर पोराच्या डोक्यावर घालायला माझ्याकडे काय होतं?" त्याने नाक ओढलं. "काल रात्री डोळ्याला डोळा नाही. बोटीत बसल्यापासून देवाला एकच सांगत आलो, बाबा रे, लग्नात गळलं ते गळलं, या वेळी थांबव."

बासिलियाने उचक्या देणारं बाळ खांद्यावर घेतलं. मग बासिलिया म्हणाली, "ताता, यांनी कळा सुरू झाल्यावर सुया उपसल्या होत्या. मी अडू नये म्हणून. टोपी जाईल हे ठाऊक असून."

म्हातारा जावयाकडे वळला. पुढे झाला, इतका जवळ की त्याला तो चेहरा नीट दिसावा, आणि बघत राहिला.

"एलाडिओ," तो म्हणाला. पहिल्यांदाच. "ही माझी पट्टी उसव. लोकर चांगली आहे. सहा महिन्यांत पोराचं डोकं मोठं होईल, तेव्हा हिची दुसरी कर. तुझे बेडूकच घाल तीत."

"मासे आहेत ते, ताता."

"असतील. मला कुठे दिसतंय."

सिस्टरने उसनी टोपी आणखी एक दिवस ठेवू दिली. एलाडिओने आपली टोपी धुतली आणि ताणून वाळावी म्हणून भोपळ्यावर चढवून अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात ठेवली. संध्याकाळी त्याच भोपळ्याचं सूप बाळंतिणीसाठी व्हायचं होतं. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो राखण करायला शेजारी जाऊन बसला. कोंबड्या हाकलायचा, मधूनच टोपी चाचपायचा. आणि फाटकातून जो कुणी आत येईल, ओळखीचा असो की नसो, त्याला थांबवून सांगायचा, "माझ्या जावयाने विणली."